नंबर लागेल का? कॅपच्या कटऑफचा हिशोब, माझ्या कामाच्या नोंदी

२४ नोव्हेंबर २०२४

काल अमळनेरला ताईकडे भरीत होतं, वावरातच काड्यांवर भाजलेली वांगी आणि कळण्याची भाकरी, त्यामुळे आज डोकं जड आहे पण लिहून ठेवतो नाहीतर विसरेन. भाची बारावीला आहे, तिला इंजिनिअरिंगला जायचंय, आणि ते प्रवेश कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून होतात. जेवणं झाल्यावर तिनं मोबाईल पुढं केला, कुठल्यातरी काउन्सेलिंगवाल्यानं पैसे घेऊन दिलेला रिपोर्ट, त्यात कॉलेजांची यादी आणि प्रत्येकापुढं हिरवा, पिवळा नाहीतर लाल ठिपका. म्हणे, "मामा, मना नंबर लागी का खरंच? यात तर सगळं हिरवंच दाखवतंय."

मी रिपोर्ट खालपर्यंत बघितला. आत काही नाही हो, गेल्या वर्षीचा कटऑफ, म्हणजे शेवटच्या प्रवेश मिळालेल्याचं पर्सेंटाइल घेतलंय आणि तिनं अंदाजानं टाकलेलं पर्सेंटाइल घेतलंय, हे त्याच्यापेक्षा जास्त असलं की हिरवं आणि कमी असलं की लाल. ९७.०१ हिरवं, ९६.९९ लाल. कटऑफ म्हणजे जणू गावाची वेस, अलीकडे आपलं पलीकडे परकं. दरवर्षी ती वेस हलते हे त्या ठिपक्यांना माहितीच नाही. मी म्हटलं हे मी नीट करून देतो. म्हटलं आणि फसलो, कारण आता ताईनं अर्ध्या गल्लीला सांगितलंय.

करायचं काय तर हिरवं-लाल नको, टक्के पाहिजेत. ह्या कॉलेजात, ह्या ब्रँचला, ह्या कॅटेगरीत, ह्या मुलीचा नंबर लागायची शक्यता किती. फक्त एमएचटी-सीईटीवरचं, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेवरचं इंजिनिअरिंग घेतोय, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) ग्रुप. मेडिकलची नीट आणि आयआयटी-एनआयटीची जोसा बाजूला, तो वेगळा संसार आहे.

१ डिसेंबर

सगळ्या कटऑफच्या पीडीएफ उतरवल्या, २०२२ ते २०२४, प्रत्येक वर्षाचे तीन राउंड. २०२० आणि २०२१ मुद्दाम सोडली, कोविडमुळे प्रवेश पार हिवाळ्यात गेले होते, ती वर्षं कशात धरायची.

ह्या पीडीएफ ज्यांनी बघितल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. एका ब्रँचचा एक तक्ता, वरती आडव्या ओळीत कॅटेगरीचे कोड, जीओपनएस, जीएससीएस, जीओबीसीएस, एलओपनएस असे. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल आणि एल म्हणजे लेडीज, शेवटचं अक्षर एस म्हणजे स्टेट लेव्हल, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्याबाहेरची. खालच्या घरात दोन आकडे एकावर एक, वर मेरिट नंबर आणि खाली कंसात पर्सेंटाइल, तेही दशांश चिन्हापुढे सात आकडे. सात! आणि तरी बरोबरी होते, मग गणिताचं पर्सेंटाइल बघतात, मग फिजिक्सचं, असं पुढं.

पायथनच्या प्रोग्रॅमनं तक्ते काढायला गेलो तर रुंद तक्ता दोन पानांवर तुटतो आणि दुसऱ्या पानावर कॅटेगरीची ओळ पुन्हा येतच असं नाही, मग एनटीसीचा आकडा ओबीसीत जाऊन बसतो. चार तास गेले. ताळा म्हणून एक साधी गोष्ट लावली, त्याच तक्त्यात मेरिट नंबर वाढला की पर्सेंटाइल कमी व्हायलाच पाहिजे, झालं नाही तर ओळ लाल करून माझ्या पुढ्यात टाक. शंभरेक ओळी आल्या, चहा घेत घेत हातानं दुरुस्त केल्या.

दुसरी गंमत एक्सेलची. मधल्या एका फाइलमध्ये कॉलेजच्या कोडापुढं शून्य होतं ते एक्सेलनं गिळलं, त्यामुळे दोन वर्षांचं तेच कॉलेज दोन वेगळी कॉलेजं झाली. पुण्याच्या सीओईपीचा कोड ६००६, मुंबईच्या व्हीजेटीआयचा ३०१२, आपल्याकडची ५ नं सुरू होतात कारण आपण नाशिक विभागात. आता कोड आकडा म्हणून वाचायचाच नाही, अक्षरं म्हणून वाचायचा.

८ डिसेंबर

आज पहिल्यांदा पूर्ण चालवलं आणि प्रोग्रॅम म्हणतो, भाचीला पुण्यातल्या एकदम वरच्या कॉलेजात कॉम्प्युटरला शंभर टक्के चान्स. ९७ पर्सेंटाइलवर! तिथं ओपनचा कटऑफ ९९.८ च्या वर असतो. दोन मिनिटं मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

कारण काय तर रिकामं घर. तक्त्यात एखाद्या कॅटेगरीचं घर मोकळं असतं, कधी तिथं तशी जागाच नव्हती म्हणून, कधी उमेदवार नव्हता आणि जागा पुढच्या स्टेजला दुसऱ्यांकडे गेली म्हणून. माझ्या कोडनं मोकळं म्हणजे शून्य धरलं, आणि शून्यापेक्षा तर कोणीही वरचढच. मोकळं म्हणजे "माहिती नाही", "सोपं" नाही. दुरुस्त केलं. आनंद गेला.

१५ डिसेंबर

पर्सेंटाइल सोडलं, मेरिट नंबरवर आलो. हे आधीच करायला पाहिजे होतं.

कारण असं बघा, पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या मागं शंभरातले किती राहिले. कॉलेजातल्या जागा मात्र शेकड्यात नसतात, साठ नाहीतर एकशेवीस अशा नगाला नग असतात. समजा परीक्षेला ३ लाख पोरं बसली, हजाराव्या नंबरचा पोरगा ९९.६७ वर. पुढच्या वर्षी ४ लाख २० हजार बसली आणि तोच पोरगा पुन्हा हजारावाच आला तर त्याचं पर्सेंटाइल ९९.७६ होतं. पोरगा तोच, कॉलेज तेच, आणि गावभर बोंब की कटऑफ वाढला. वाढला कुठं, खालची गर्दी वाढली.

तर पीडीएफमध्ये दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिलेत त्याचा फायदा घेतला. प्रत्येक वर्षाचे सगळे जोड आलेखावर टाकले की पर्सेंटाइलवरून मेरिट नंबर काढायची त्या वर्षाची रेघ मिळते. मेरिट यादीत फक्त कॅपला नोंदणी केलेलेच असतात, परीक्षेला बसलेले सगळे नाही, म्हणून नुसता गुणाकार चालत नाही, ही रेघच लागते. आता अंदाज मेरिट नंबरात करायचा आणि दाखवायच्या वेळी पर्सेंटाइलमध्ये उलटवायचा.

२९ डिसेंबर

कॅटेगरीचं काम. यात जितका वेळ घातला तितका कशात नाही.

भाची ओबीसी आहे. म्हणजे तिच्यापुढं एक दार नाही, चार आहेत: जनरल ओपन, लेडीज ओपन, जनरल ओबीसी, लेडीज ओबीसी. चारापैकी कुठूनही आत गेली तरी गेलीच. मुलींना ३० टक्के जागा आडव्या आरक्षणाच्या, सगळ्या कॅटेगरीत. त्या काउन्सेलिंगवाल्याच्या रिपोर्टात फक्त जीओबीसीचं घर बघितलं होतं, मुलगी आहे हे विचारलंच नव्हतं बहुतेक. पैसे मात्र मोजून घेतले.

घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत म्हणून टीएफडब्ल्यूएस पण लागू, त्या मंजूर जागांच्या वर ५ टक्के जादा जागा आणि ट्यूशन फी माफ, पण त्याचा कटऑफ त्याच ब्रँचच्या ओपनला पण भारी पडतो बऱ्याच ठिकाणी. शिवाय ८ जुलै २०२४ चा जीआर आहेच, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा) आणि ओबीसी मुलींना आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. ताईचा सगळा हिशोब यानंच बदलला. आधी म्हणायची बांभोरी नाहीतर शिरपूर, घरापासून जवळ. आता म्हणते पुणं बघ, फी नाही तर रूम आणि मेसचं आम्ही बघू. हे एकट्या ताईचं नसणार. जिल्ह्याजिल्ह्यातल्या ताया असंच म्हणत असणार, आणि मग पुण्यातल्या लेडीज ओबीसीच्या घरात गर्दी होणार. मॉडेलला हे कसं सांगायचं? जुन्या डेटात ही ताईच नाही.

होम युनिव्हर्सिटीचं पण आहे. आपण बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या हद्दीतले, त्यामुळे जिथं ७०-३० चालतं (७० टक्के जागा त्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्या पोरांना, ३० बाहेरच्यांना) अशा पुण्याच्या कॉलेजात आपण ३० वाल्या रांगेत. सरकारी स्वायत्त कॉलेजं राज्य पातळीवर, तिथं हा प्रश्न नाही. कॉलेजचा प्रकार बघून घर निवडायचा कोड लिहिला, घाण झालाय पण चालतो.

आणि कागद. नॉन-क्रीमी लेयर आणि व्हॅलिडिटी वेळेत नसेल तर चार दारांची दोन होतात. म्हणून फॉर्ममध्ये पहिला प्रश्न तोच टाकला, पर्सेंटाइल नंतर.

५ जानेवारी २०२५

पहिलं खरं मॉडेल. कल्पना साधी आहे, कटऑफ ही रेघ नाही, पट्टा आहे. २०२२ ला एखाद्या ठिकाणी शेवटचा मेरिट नंबर ८००० ला थांबला, २०२३ ला ९२०० ला, तर पुढच्या वर्षी कुठं थांबेल? नक्की माहिती नाही, पण साधारण ७ ते ११ हजारांच्या पट्ट्यात. मुलीचा नंबर त्या पट्ट्यात कुठं पडतो त्यावरून शक्यता. बेरीज-वजाबाकीत नाही, पटीत धरलं, कारण ५०० चा नंबर ६०० होणं आणि ५०,००० चा ६०,००० होणं ही एकाच मापाची हालचाल.

नवीन ब्रँचचा इतिहासच नाही. एआय-डेटा सायन्स काही ठिकाणी कालपरवा सुरू झालंय. तिथं त्याच कॉलेजच्या कॉम्प्युटर आणि आयटीच्या मधलं काहीतरी धरलं आणि पट्टा रुंद केला. अंदाजपंचे, पण निदान पट्टा रुंद आहे हे दिसतं.

ताईला फोनवर सांगितलं, समजा ६० टक्के. ती म्हणे म्हणजे काय? मी म्हटलं अशी दहा वर्षं आली तर सहा वर्षी लागेल. तर म्हणे, "मग आपण कोणत्या वर्षात आहे ते सांग ना." याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही, फोन भाचीला दे म्हटलं.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आलो आणि बॅकटेस्टला बसलो. २०२२-२३ वरून शिकायचं, २०२४ लपवून ठेवायचं, मग अंदाज २०२४ शी लावून बघायचा. जिथं जिथं मॉडेल ९० टक्के म्हणालं तिथं शंभरातले नव्वदच्या आसपास लागायला पाहिजेत, ७० म्हटलं तिथं सत्तर. नव्वदवाल्या ढिगात बऱ्यापैकी कमी निघाले. म्हणजे मॉडेल फुशारकी मारतंय, मित्राच्या लग्नात गाडी कोणाची ते न विचारता "माझीच" म्हणणाऱ्यासारखं.

कारणं शोधली. पहिलं एसईबीसी. फेब्रुवारी २०२४ ला कायदा झाला, १० टक्के, आणि तक्त्यात नवीन घर आलं. सरकारी कॉलेजात तेवढा वाटा ओपनचा कमी झाला. आणि आधीचा मराठा आरक्षणाचा कायदा मे २०२१ ला सुप्रीम कोर्टानं रद्द केल्यापासून जी पोरं ईडब्ल्यूएसमधून यायची ती आता एसईबीसीतून, त्यामुळे ईडब्ल्यूएसचं घर २०२३ आणि २०२४ ला एकच राहिलेलं नाही, नाव तेवढं तेच. म्हणून ओपन आणि ईडब्ल्यूएससाठी २०२४ च्या आधीचा डेटा जवळजवळ टाकून द्यावा लागतो.

दुसरं, जागा. २०२४-२५ पासून एआयसीटीईनं (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) चांगल्या कॉलेजांची जागांची वरची मर्यादा काढली, काहींनी कॉम्प्युटरच्या जागा भसाभस वाढवल्या. जागा वाढल्या की शेवटचा नंबर मागं जातो. म्हणजे मंजूर जागांचा आकडा पण मॉडेलमध्ये पाहिजे, नुसता कटऑफ नाही. तो हाताने भरावा लागणार. कॉलेजं किती आहेत ते मोजलं नाही, मोजलं तर काम सुटेल.

१६ फेब्रुवारी

सगळ्यात मोठी चूक आज सापडली आणि ती कोडात नाही, डोक्यात होती.

शेजारच्या गल्लीतल्या एका पोराची यादी चालवत होतो. बारा कॉलेजं, प्रत्येकात साधारण २० टक्के. बाराही ठिकाणी न लागण्याची शक्यता म्हणजे ०.८ चा बारा वेळा गुणाकार, ती येते सुमारे ७ टक्के, म्हणजे बारापैकी कुठंतरी एकात लागायची शक्यता ९३. प्रोग्रॅमनं तेच दाखवलं. त्याचे वडील खूश, त्यांच्या किराणा दुकानात मला चहा पण पाजला.

घरी येताना डोक्यात आलं की हे बारा निकाल वेगवेगळे नाहीतच. पाऊस कसा असतो, पारोळ्याला नाही पडला तर एरंडोलला आणि अमळनेरला पण बहुतेक कोरडंच जातं, तिन्ही गावं वेगळं नाणं उडवत नाहीत. तसंच कॉम्प्युटरची हवा आली की बाराच्या बारा कॉलेजांचे कॉम्प्युटर एकदमच वर जातात. एक वाईट वर्ष म्हणजे बारा वाईट निकाल. मग कटऑफची हालचाल दोन भागांत तोडली, एक सगळ्यांचा मिळून, त्यात ब्रँचचा पण, आणि एक ज्याचा त्याचा. दहा हजार खोटी वर्षं तयार केली, प्रत्येक वर्षी आधी सामाईक फासा टाकायचा, मग प्रत्येक कॉलेजचा आपापला. त्या पोराचे ९३ घसरून निम्म्याच्या आसपास आले.

आता याच्यातली खरी मेख. माझ्याकडे हजारो ओळी आहेत, कॉलेज गुणिले ब्रँच गुणिले कॅटेगरी गुणिले राउंड, बघून वाटतं केवढा डेटा. ज्याच्या त्याच्या हालचालीसाठी तो खरंच भरपूर आहे. पण सामाईक हालचाल वर्षाला एकदाच होते. २०२२ ते २३ एक, २३ ते २४ दोन. बस. हजारो ओळींत दोन फासे. सामाईक फासा किती डुगडुगतो हे दोनदा टाकून कोण सांगणार? म्हणून नाक दाबून २०२० आणि २०२१ परत आणली, ती वर्षं विचित्र होती पण विचित्र वर्षं येतात हेच तर मॉडेलला शिकवायचंय. आता फासा चारदा टाकून झाला. आणि पट्ट्याची दोन्ही टोकं मुद्दाम लांब ठेवली.

दुकानात जाऊन सांगितलं, ९३ नाही, ५० धरा, खाली जळगावचं गव्हर्नमेंट आणि शिरपूर घाला. ते म्हणे कालच तर ९३ होते. आज चहा नाही.

२७ एप्रिल

ऊन असं की लॅपटॉपचा पंखा कुलरपेक्षा जास्त ओरडतोय. भाचीची सीईटी झाली. १५० प्रश्न, २०० मार्क, गणिताचे प्रत्येकी दोन, निगेटिव्ह नाही. बाहेर आली आणि पहिला प्रश्न, १३० च्या आसपास होतील, किती पर्सेंटाइल?

मार्कावरून पर्सेंटाइल सांगायचं धाडस मी करत नाही. शिफ्ट वेगवेगळ्या, पेपर वेगवेगळे, पर्सेंटाइल आधी आपल्याच शिफ्टमधलं निघतं, १३० मार्क एका शिफ्टला एक असतात आणि दुसऱ्या शिफ्टला दुसरं. मग निकालाआधीच्या अंदाजात तिचा नंबरही पट्टाच धरला. कटऑफचा पट्टा आणि तिचा पट्टा, दोन्ही हलणारे, उत्तर इतकं पसरट आलं की तिला दाखवलंच नाही. आंबे खा म्हटलं.

१७ जून

काल पीसीएमचा निकाल लागला. भाचीला ९७ च्या थोडं वर. आणि परीक्षेला बसलेले यंदा ४ लाखांच्या वर, गेल्या वर्षी ३ लाखांच्या आसपास होते. डिसेंबरात उदाहरण म्हणून लिहिलं होतं ते साक्षात पुढ्यात.

दिवसभर फोन. सगळ्यांचा एकच सूर, ९८ आहेत, गेल्या वर्षी ९८ ला अमुक मिळालं होतं, मग यंदा मिळेल ना. अहो गेल्या वर्षीचे ९८ म्हणजे तुमच्या पुढं साधारण सहा हजार, यंदाचे ९८ म्हणजे आठ हजारांच्या वर. सहा हजारावा यंदा साडेअठ्ठ्याण्णवच्या पण वर आहे. हे फोनवर समजावता समजावता घसा बसला, शेवटी एका कागदावर लिहून फोटोच पाठवायला लागलो. मेरिट नंबरवर आलो होतो म्हणून वाचलो, नाहीतर आज माझं मॉडेल पण ठिपकेवाल्यासारखंच हिरवं हिरवं दाखवत बसलं असतं.

२२ जून

२७ पोरांचे रिपोर्ट करून पाठवले. प्रत्येकाला तीन ढीग: अवघड, मधलं, पक्कं. फुकट.

६ जुलै

नियम बदललेत, मला आज नीट कळलं. यंदा तीन नाही, चार राउंड. आणि ऑटो फ्रीज: पहिल्या राउंडला पहिला ऑप्शन मिळाला तर घ्यावाच लागतो, दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी कुठलाही, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. आधी फक्त पहिल्या ऑप्शनची काळजी होती, बाकी बेटरमेंट करत बसा, म्हणजे मिळालेलं हातात ठेवून पुढच्या राउंडला वरचं बघा.

माझं सिम्युलेशन प्रत्येक ऑप्शनची शक्यता शेवटच्या राउंडपर्यंतची धरत होतं. म्हणजे "आत्ता नाही मिळालं तरी तिसऱ्याला कटऑफ खाली येईल तेव्हा मिळेल" हे त्यात मिसळलेलं. कटऑफ खाली येतो हे खरं, जेईईवाली वरची पोरं आयआयटी-एनआयटीला निघून जातात आणि जागा सुटतात. पण आता मधेच तिसऱ्या नंबरवर अडकलं की पुढं जाताच येत नाही. रात्री दोनपर्यंत बसून राउंड-राउंडनं चालवायचा कोड लिहिला. यादीचा क्रम आता नुसता आवडीचा राहिला नाही, पहिले सहा मोजून लावायचे.

२७ जुलै

भाचीचा ऑप्शन फॉर्म भरला, ताईच्या स्वयंपाकघरात, कारण तिथंच नेट येतं. ३०० पर्यंत ऑप्शन देता येतात, आम्ही ४१ दिले. वाद फक्त पहिल्या सहावर. मॉडेलप्रमाणे दोन नंबरला पुण्याचं एक ठेवायचं होतं, चान्स २२. ताई म्हणे बावीसला कशाला जागा अडवायची. अडत नाही गं, वरचा नाही मिळाला तर खालच्याचं काही बिघडत नाही, यादी वरून खाली बघतात. हे तीनदा सांगितलं. चौथ्यांदा भाचीनं सांगितलं तेव्हा पटलं.

भाचीनं स्वतः एक कॉलेज काढून टाकलं, मॉडेलनं ६४ दिले होते तरी. का तर मैत्रीण म्हणाली हॉस्टेलपासून स्टॉप लांब आहे आणि रात्री रिक्षा मिळत नाही. माझ्या फॉर्ममध्ये हा रकाना नाही. असायला पाहिजे होता.

३ ऑगस्ट

पहिल्या राउंडला तिला सातवा ऑप्शन. फ्रीज नाही, बेटरमेंट. मॉडेलला सातवा ते दहावा यातलंच सर्वात जास्त वाटत होतं, ठीक.

१५ ऑगस्ट

दुसऱ्या राउंडला भाचीला दुसरा ऑप्शन लागला. तोच, बावीसवाला. ऑटो फ्रीज, पुणं. ताईनं पेढे वाटले आणि जो येईल त्याला सांगतेय, "याचं मशीन तर बावीसच म्हणत होतं, चुकलं." चुकलं नाही ताई, पाचात एकदा लागणारं ह्या वेळी लागलं. पण पेढ्याच्या तोंडावर काय बोलणार.

किराणावाल्यांच्या पोराचं मात्र वेगळं झालं आणि ते माझ्यामुळे झालं. त्याला एक नंबरच्या कॉलेजचे ८५ दिले होते मी. दुसऱ्या राउंडला ते थोडक्यात हुकलं आणि तिसरा ऑप्शन लागला, पहिल्या तिनात म्हणून फ्रीज. तिसऱ्या राउंडला त्या एक नंबरचा कटऑफ खाली येईल असं आकडे सांगतायत, पण त्याला आता रांगेतच उभं राहता येणार नाही. ते ८५ म्हणजे शेवटच्या राउंडपर्यंतचे, २२ जूनच्या रिपोर्टातले. ६ जुलैला कोड बदलला, भाचीची यादी नव्यानं काढली, बाकी २६ जणांना नवे रिपोर्ट पाठवायचं राहिलं. नव्या कोडनं आज चालवून बघितलं, ५१ येतात. आणि त्यानं तीन नंबरला जे ठेवलं होतं ते मन लावून ठेवलंच नव्हतं, वरचं मिळणारच आहे म्हणून असंच भरलं होतं.

दुकानात गेलो. लपवण्यात अर्थ नव्हता, सगळं सांगितलं. वडील बराच वेळ शेंगदाण्याच्या पोत्याचं तोंड बांधत राहिले, मग म्हणे, "कॉलेज वाईट नाही म्हणतो पोरगा." पोरगा आत होता, बाहेर आला नाही.

१७ ऑगस्ट

२६ जणांचे जुने-नवे आकडे एका फाइलीत काढले. चौघांच्या पहिल्या तीनच्या क्रमावर नव्या कोडनं वेगळा सल्ला आला असता. त्यातले तिघं अजून फ्रीज झालेले नाहीत, त्यांना आज फोन करून पहिल्या सहांचा क्रम पुन्हा बघायला सांगितला. रिपोर्टवर आता तारीख आणि कोणत्या नियमावर काढलाय ते मोठ्या अक्षरात छापतो, नियम बदलला की जुने सगळे रिपोर्ट रद्द म्हणून आपोआप मेसेज जाईल असं केलं. ६ जुलैला हे अर्ध्या तासाचं काम होतं.

संध्याकाळी भाचीला पुण्याला सोडायचं म्हणून जळगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट काढलं. वेटिंग ३४ आलं, आणि खाली ॲपवाल्यानं लिहिलंय, कन्फर्म व्हायची शक्यता ७१ टक्के. तेव्हापासून पाच वेळा उघडून बघितलं. भाची विचारते, मामा, लागेल का?